हात लावला नव्हता

अमरावती, मार्गशीर्ष वद्य ५, शके १७८६

गं. भा. गोदाबाई वहिनींस, धाकटा दीर जानराव वैद्य याचा नमस्कार पोचावा.

दोन वर्षांनी माझं पत्र येत आहे, तेव्हा नवल वाटेल. वाटू द्या. पत्र कुर्बान गाडीवानाजवळ देतो आहे. तो कापूस घेऊन खामगावला निघाला आहे, वाटेत अकोल्याला तुमचे भाऊ वामनराव यांच्या दाराशी गाडी उभी करील. तुम्हाला अक्षर येत नाही, म्हणजे हे वामनरावच वाचून दाखवणार. वामनरावांचा माझ्यावर राग आहे हे मी जाणतो. राग बाजूला ठेवून त्यांनी लिहिलं तसं वाचावं, मधे पदरचं घालू नये.

इकडे सर्व ठीक. तुमची जाऊ कौशल्या बरी आहे. अमरावतीत पाय ठेवायला जागा नाही इतक्या गाड्या. समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आहे म्हणतात, त्यापायी आपल्या कापसाला सोन्याचा भाव. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो जरीचा फेटा बांधून जेवणावळी घालतो आहे. जेवणावळींमुळे माझ्या ओसरीवरही गर्दी असते, ते सांगायला नको.

मी थोडा आजारी होतो. किरकोळ. पोटात दुखलं, आता आठ दिवस झाले, उठून बसतो. खुशालरावाकडे जेवण होतं, दोन पुरणपोळ्या जास्त झाल्या. दुसरं काही नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. वैद्यकीतली एक गोष्ट विचारायची आहे. खुशालरावाचा भाऊ नत्थुजी दलाल पोटदुखीनं पडला होता, तेव्हा त्याची बेंबी सरकली असेल म्हणून ती बसवायला तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही त्याला पाहून बाहेर आलात आणि मला काही सांगितलंत. मी गडबडीत होतो, नीट ऐकलं नाही. दुखणं पाठीत जातं की काय, असं काहीसं होतं. ते नेमकं काय, हे वामनरावांकडून लिहवून पाठवावं. माझ्या माहितीसाठी. घाई नाही, पण कुर्बान परत येताना उत्तर आलं तर बरं.

जानराव


अमरावती, पौष शुद्ध ३

वहिनी,

कुर्बान आला. म्हणाला, "वामनरावनं वाचलं. बाई ज्वारी निवडून राह्यली होती. निवडनं काही थांबवलं नाही. आखरीले म्हनली, त्यायले ठाऊक हाये." मी विचारलं, इतकंच? तर म्हणाला, "इतकंच, वैद्यजी."

दोन दिवस मी नुसता धुमसत होतो. कौशल्येवर खेकसलो, खलबत्ता आपटला, एका रोग्याले उगाच परत धाडलं. मंग राग उतरला. खरंच हाये. मले ठाऊक हाये. पाहा, पंतोजीनं शिकवलेली मराठी मी आता इथंच सोडतो. तिच्यात खोटं बोलणं मले फार सोपं जाते.

तं आजार किरकोळ नव्हता. द्वादशीले दुपारी पंगत उठली, मी हात धुऊन ओसरीवर येतो न येतो तं कळ आली. बेंबीच्या वर, बरगड्या जिथं जुळतात तिथून, थेट पाठीत. खिळा ठोकावा तशी. उलट्या सुरू झाल्या. पोटदुख्या माणसाले उलटी झाली का जरा सुटल्यासारखं वाटते, चाळीस वर्षं मी हेच पाहत आलो. मले काही सुटलं नाही. उताणं पडलं का जीव जाय. उशी पोटाशी धरून पुढं वाकलो का चार श्वास घेता येत. दुसऱ्या दिवशी हाताची बोटं आपोआप वाकडी होऊन राहिली, सरळच होईनात. माझीच नाडी मी पाहत होतो अन् मले काही समजत नव्हतं. लोक दारात विचारत, वैद्याले काय झालं? कौशल्या सांगे, अजीर्ण.

संध्याकाळी तिनं वाटीत एरंडेल आणलं अन् दुसऱ्या वाटीत हिंगाचं तूप. म्हणाली, "साऱ्यायले तुमीच सांगता ना, पोट साफ झालं का दुखणं जाते. मंग प्या आता." वाटी तोंडापाशी आली, वास आला, अन् मले नत्थुजी दिसला. त्याच्या ओठापाशी मी हीच वाटी धरली होती. मी तोंड मिटलं. तिनं आग्रह केला तवा वाटीले हात मारला, तेल भिंतीवर उडालं, तो डाग अजून हाये.

मंग मी तुमचं ऐकलं. दोन वर्षांनी ऐकलं, पण ऐकलं. तीन दिवस तोंडात काही घातलं नाही. पाणी तेवढं, चमच्या चमच्यानं. जीव फारच कासावीस झाला का अफूचा कण. कौशल्या रडे. "उपाशी ठेवून मारता काय सोताले? आजाऱ्याच्या पोटात कोणी असं काहीच नाही घालत काय?" चौथ्या दिवशी कळ निम्मी झाली.

पाचव्या दिवशी ती ओल्या फडक्यानं माझं अंग पुसत होती अन् एकदम थांबली. म्हणाली, "हे काय लागलं तुमाले?" मी मान वाकवून पाहिलं. बेंबीभोवती निळं झालं होतं. डाव्या कुशीले तं गर्द, जांभूळ चुरडल्यावानी.

वहिनी, कोणाचा हात लागला नव्हता. बेंबी बसवणारी मी आणलीच नव्हती. तुमी गेल्यापासून अमरावतीत तसा हात राहिलाच कुठं? मी पडलो नाही, धडपडलो नाही. डाग आतून आला होता.

तोच डाग. नत्थुजीच्या पोटावर चौथ्या दिवशी आला तोच, तिथंच. त्याच डागापायी लोक म्हणाले का गोदाबाईनं बेंबी दाबून आतून फोडली, तिची बोटं उमटली. त्यापायीच पंचायतीनं ठरवलं का यापुढं हिनं कोणाच्या अंगाले हात लावायचा नाही. ज्या बायांची बाळंतपणं तुमी केली त्यायनंच तुमाले पाहून दारं लोटली, अन् पंधरा दिवसांत तुमी कपड्यांचं गाठोडं घेऊन अकोल्याले गेल्या. दादा असता तं मले जोड्यानं मारलं असतं.

अन् आता खालचं लिहितो, ते लिहायले मले लाज वाटून राहिली हाये. सहाव्या दिवशी खुशालराव अन् पंचातले दोघं माझ्या तब्येतीची विचारपूस करायले आले. माझ्या उशाशी येऊन बसले. डाग तवा पुरा गर्द होता. घोंगडी बाजूले केली असती तं त्यायच्या डोळ्यानं त्यायनं पाहिलं असतं. मी घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. म्हणलं, थंडी वाजते.

काहून झाकलं, ते लिहायची आज हिंमत नाही.

जानराव


अमरावती, पौष शुद्ध १३

वहिनी,

परवा मी पंचायले घरी बोलावलं. पोट उघडं करून बसलो. पण तोवर महिना होत आला होता. डाग निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होऊन विरून गेला होता. बेंबीपाशी हळदीचा हात पुसल्यावानी थोडं पिवळं होतं, तेही डोळे बारीक केले तं दिसे.

खुशालराव म्हणाला, "वैद्य, पोट तं साफ हाये."

मी म्हणलं, "होता. निळा होता."

"कोनं पाह्यला?"

"कौशल्येनं."

"घरच्या बाईची साक्ष आमी कशी धरावं?" खुशालराव म्हणाला. माणूस वाईट नाही तो, भावाच्या दुःखानं अजून आत सलते त्याले. मंग म्हणाला, "समजा, आला डाग आपोआप. पन गोदाबाईनं नत्थूचं पोट दाबलं, हे तं खरं ना? तुमीच सांगतलं होतं."

मी घोंगडीचे धागे उपटत बसलो. ते पान खाऊन गेले.

त्यायच्यापुढं जे तोंडातून निघालं नाही ते तुमाले लिहितो. वामनराव, हे पत्र घरात बसून वाचू नका. ओसरीवर बसा, चार बाया दळण घेऊन जात असतील, त्यायलेही ऐकू जाईल असं वाचा.

तुमी नत्थुजीचं पोट दाबलं नव्हतं. मी दारातच उभा होतो, मी पाहिलं. तुमी हात धुतले. पंजा त्याच्या पोटावर नुसता ठेवला, तो कळवळला तसा लगेच उचलला. मंग पाठीखाली हात घालून पाहिलं. त्याले उठवून बसवलं, पुढं वाकवलं, अन् विचारलं, असं बरं वाटते काय? तो हो म्हणाला. तुमी बाहेर आल्या अन् मले बाजूले घेऊन म्हणल्या, "भाऊजी, ही बेंबी नोहे. बेंबी सरकलेला मानूस हात फिरवला का शांत होते. याले हात नको वाटते. याचं पाठीत जाऊन राह्यलं. हे आतलं हाये. आतल्याले बाहेरून दाबू नये अन् वरून काही घालू नये. पानी तेवढं द्या, चमच्यानं, अन् याले पडू द्या." अक्षर न् अक्षर मले आठवते. पहिल्या पत्रात विसरल्यासारखं लिहिलं, ते खोटं.

अंगणात पन्नास माणसं बसली होती. सारा कापसाचा बाजार नत्थुजीच्या दारात आला होता. अन् माझ्याच घरातली विधवा बाई मले माझं काम शिकवून राहिली होती. मले राग आला, दुसरं काही नाही. मी आत गेलो अन् एरंडेल पाजलं. त्यानं उलटून टाकलं. पुन्हा पाजलं. वरून तूप. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याले दम लागला, चौथ्या दिवशी पोट निळं झालं, पाचव्या दिवशी दुपारी तो गेला. मी तेल दिलं नसतं तं वाचला असता असं मी म्हणत नाही, ते मले माहीत नाही. त्याले अखेरपर्यंत तेलाचे हाल सोसावे लागले नसते, इतकं मात्र नक्की.

अन् अजून एक राहिलं. नत्थुजीची कळ सुरू झाली त्या दुपारी मोहाच्या दारूची बाटली आमा दोघांत होती. मी आसव म्हणून कपाटात ठेवतो ती. द्वादशीलेही पुरणपोळीच्या आधी तीच होती. हे कौशल्येलेही आत्ताच समजून राहिलं, कारण ती समोर बसून माझं बोलणं ऐकून राहिली हाये. मी लिहिता लिहिता मोठ्यानं बोलतो, ही खोड तुमाले माहीत हाये.

प्रेत उचलायच्या आधी खुशालरावानं विचारलं, "वैद्य, हे निळं कायचं?" त्या वेळी मी म्हणू शकत होतो, मले माहीत नाही. तेवढंही पुरलं असतं. मी म्हणालो, हात जड पडला. सारे तुमच्याकडे वळले. तुमी तुळशीपाशी उभ्या होत्या. माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाही.

काहून बोलल्या नाही? दोन वर्षं मी हे मनात विचारून राहिलो. एक शब्द बोलल्या असत्या तं मी कदाचित तिथंच गळून पडलो असतो.

जानराव


अमरावती, पौष वद्य ११

वहिनी,

तुमचं पत्र कुर्बाननं काल दिलं. तुमचे शब्द, अक्षर वामनरावाचं. मी ते चार वेळा वाचलं अन् आता खाली उतरवून घेतो, कारण कागद माझ्या घामानं ओला होऊन राहिला.

"भाऊजी, तुमी विचारलं काहून बोलली नाही. मले वाटलं तुमी म्हनता ते खरंच असंन. तुमी पोथ्या वाचलेले. मी हात नुसता ठेवला होता, पन तुमी म्हनलं तवापासून मले आठवे का दाबलाच असंन. रोज थोडा जास्त दाबलेला आठवे. दोन वर्सं मी कोनाले हात लावला नाही. भावाची सून आशा अडली. पोर आडवं होतं. मले फिरवता येते. मी हात पदरात गुंडाळून बसली. पोर गेलं. मले कोनी काही म्हनलं नाही. तुमचं पत्र वामननं ओसरीवर वाचलं तवा आशा आयकत होती. ती उठून आत गेली. मी निंगून येऊन राह्यली. पानी चमच्यानंच घ्या."

मी खोटं बोललो ते लोकायनं खरं धरलं, इतकंच मले माहीत होतं. तुमीही धरलं, हे मले माहीत नव्हतं. मी तुमचं घर घेतलं, नाव घेतलं, हे मी मोजून बसलो होतो. तुमचा हातच तुमच्यापासून काढून घेतला, ते या पत्रानं समजलं. त्या लेकराचं मी काय करू, वहिनी? त्याले कुठं लिहू?

पत्र वाचलं अन् कौशल्येले म्हणलं, दमणीले बैल जुंपायले सांग. ती म्हणाली, "तुमच्यानं बसवत नाही, चालले कुठी?" तरी गेलो. खुशालरावाच्या अंगणात, माणसं होती, कापसाची बोली चालली होती. सारं सांगितलं. हात लावला नव्हता, तेल मी पाजलं, दारू मी पाजली. खुशालरावानं हातातला कापूस खाली ठेवला. मंग म्हणाला, "म्हंजे माझा भाऊ तुमच्या हातानं गेला म्हनता?" मी हो म्हणलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, अन् मले वाटलं आता हा मारते. त्यानं मारलं नाही. माणसांकडे वळून म्हणाला, "वैद्याले ताप हाये. अफू घेते तो. काहीही बोलते. याले घरी पोचवा." अन् मले दमणीत बसवून दिलं, खांद्यावर शाल टाकली. मारलं असतं तं बरं झालं असतं.

विश्वास ठेवायलेही त्याले जड जाते, मले समजते. दोन वर्षं एका बाईवर राग धरून तो जगला. तो राग काढून घेतला तं त्याच्यापाशी काय उरते?

माझी तब्येत विचारता म्हणून सांगतो, तुमी विचारली नाही तरी. बेंबीच्या वर एक गोळा आला हाये, नारळाएवढा. दाबून पाहिला तं घट्ट पाण्यानं भरल्यासारखा लागते. दोन घास पेज घेतली का पोट भरते. तहान मात्र भागत नाही, अन् परवा कौशल्येनं दाखवलं, मोरीत मी लघवीले बसतो तिथं मुंग्यांची रांग लागली होती. तिले वाटलं कोणी गूळ सांडला. संक्रांतीचा तिळगूळ मी जिभेले लावून थुंकला होता, तरी अंगातून साखर वाहून राहिली. पोटात आत काय बिघडलं, त्याले आमच्या पोथीत नाव नाही. तुमीच बरोबर होत्या, आतलं हाये. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येते. रोग्याले असा गोळा अन् असा ताप दोन्ही असला तं मी घरच्यायले बाजूले घेऊन सांगत होतो, आता तयारी ठेवा. कौशल्येले कोणी बाजूले घेतलं नाही, ती सोताच समजली.

एक चांगलं घडलं. कौशल्या पाण्याले गेली तवा विहिरीवर तिनं साऱ्या बायायले सांगितलं, डाग मी माझ्या डोळ्यानं पाहिला अन् कोणी हात लावला नव्हता. नत्थुजीची विधवा सुभद्रा तिथं होती. तिनं सारं ऐकलं अन् घागर भरून गेली म्हणे.

तुमी येता हाये. या. पण आल्यावर मी जे करीन त्याचा राग मानू नका. तुमच्या मनात काय येईल ते आत्ताच मले दिसून राहिलं.

जानराव


अमरावती, माघ शुद्ध ५

वहिनी,

तुमी भिंतीपलीकडे ओसरीवर बसल्या हाये अन् मी इकडून लिहून राहिलो. वामनराव तुमच्यापाशी हाये, तो वाचून दाखवेल. हाक मारायचं माझ्यात बळ नाही, अन् हे हाकेनं सांगण्यासारखंही नाही.

तीन दिवस झाले तुमाले येऊन. आल्या तशा हात धुतले, अन् उंबऱ्यापाशी येऊन म्हणल्या, "भाऊजी, पाहू द्या." मी कौशल्येले ओरडलो, तिले आत येऊ देऊ नको. उंबरा ओलांडू देऊ नको. तुमी मागं सरकल्या. ओले हात तसेच पदराले पुसले. तुमचं तोंड मी पाहिलं, वहिनी. तुळशीपाशी पाहिलं होतं तसंच झालं होतं. तुमाले वाटलं, पत्रात बोलला तो बोलला, मनात अजून तेच हाये, अजून माझ्या हाताले भितो. वामनराव तं म्हणाला म्हणे, "चाल बाई, गाडी जुंपतो." तुमी नाही गेल्या. ओसरीवर बसून राहिल्या, तिथंच जेवल्या, तिथंच झोपल्या. कौशल्येनं मले दोनदा विचारलं, काहून असं करता, तं तिलेही मी सांगितलं नाही. तुमच्या कानावर गेलं असतं तं तुमी जिद्दीनं आत आल्या असत्या, तुमाले मी ओळखतो.

आता सांगतो. गोळा कडक होऊन राहिला होता. ताप उतरत नव्हता. मले माहीत होतं का हे एक दिवस आत फुटेल, अन् फुटलं का डाग पुन्हा वर येईल. तो येण्याआधी तुमचा हात माझ्या पोटाले लागला असता, एक बोटही लागलं असतं, तं गल्लीनं काय म्हणलं असतं? म्हणलं असतं, पाहा, दुसरा मेला तिच्या हातानं. मंग माझी चार पत्रं पाण्यात गेली असती. पहिला डाग मी घोंगडीखाली झाकून वाया घालवला. दुसरा वाया जाऊ द्यायचा नव्हता. तीन दिवस तुमी दारात बसल्या, साऱ्या गल्लीनं येता-जाता पाहिलं का जानरावानं भावजयीले उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बाया एकमेकीले सांगत होत्या, कौशल्येनं ऐकलं. मले तेच पाहिजे होतं. तुमाले किती लागलं असेल ते समजून मी हे केलं.

तुमचा हात मले कधी नव्हे इतका पाहिजे होता, हेही लिहितो. काल दुपारी कळ आली तवा मी उशी चावली. तुमचा खोकला ऐकू येत होता.

आज सकाळी आत काहीतरी सुटलं. डोळ्यापुढं अंधारी आली, हातपाय गार पडले. मी कौशल्येले म्हणलं, अंगावरचं काढ. बेंबीभोवती निळं चढून राहिलं होतं. डावी कूस भरली होती. मी म्हणलं, झाकू नको. खुशालरावाले आण, पंचायले आण, जो भेटेल त्याले आण.

ते आले. खुशालरावानं वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. पहिला प्रश्न त्यानं तोच विचारला, जो तो विचारणार हे मले माहीत होतं. "बाई आत आली होती काय?" कौशल्या म्हणाली, "तीन दिस झाले, उंबरा वलांडला नाही तिनं. मले नका विचारू, घरची बाई मी. गल्लीले विचारा." पंचातला एकजण म्हणाला, "नाही आली. आमीच पाह्यलं." खुशालराव माझ्या खाटेच्या पायथ्याशी खाली बसला. जमिनीवरच. म्हणाला, "मंग नत्थूलेबी असंच..." मी म्हणलं, असंच. जरा वेळानं त्यानं माझा पाय हातात धरला अन् सोडला. मंग उठून बाहेर गेला अन् तुमच्यासमोर जाऊन उभा राहिला, ते तुमी पाहिलं. काय बोलला ते मले इथं ऐकू आलं नाही. मले सांगू नका, ते तुमचं हाये.

माझं आता होत आलं. हे तुमाले हात ठेवल्यावर समजेलच, म्हणून आधी सांगतो, घाबरू नका. ते तुमच्या हातानं होणार नाही. आशाले सांगा, तिच्या लेकराचा दोष जानरावाकडे हाये, तुमच्याकडे नाही. तिले हे पत्र वाचून दाखवा.

वामनराव, खालच्या चार ओळी वाचून झाल्या का उठून बाहेर अंगणात जाऊन बसा.

वहिनी, कौशल्येनं तांब्यात कोमट पाणी ठेवलं हाये, हात धुऊन घ्या. आता कोणी काही म्हणू शकत नाही. आत या, अन् पोटावर हात ठेवा. दाबू नका, तवा ठेवला होता तसाच ठेवा.